चार सेलवरचा कुबेर

स्क्रूज मॅकडक हे जगातलं सगळ्यात श्रीमंत बदक. सख्ख्या भाच्याला, म्हणजे डोनाल्डला, नाणी घासूनपुसून ठेवण्याच्या कामाचे तासाला तीस सेंट देतं. कार्ल बार्क्स या चित्रकाराने 1947 साली त्याला कॉमिकमध्ये आणलं, तेव्हा तो एका गोष्टीपुरता आलेला खडूस म्हातारा होता. पाहुणा म्हणून आला आणि घरमालक होऊन बसला. त्याच्या पैशांच्या कोठाराचं माप आहे तीन क्युबिक एकर. एकराचा घन कसा काढायचा, हे विचारायचं नसतं. आम्ही नवी मुंबईकर साडेबारा टक्क्यांपासून एफएसआयपर्यंत जमिनीची सगळी गणितं चहाच्या टपरीवर सोडवतो, पण क्युबिक एकर सिडकोच्या फायलीतही सापडायचा नाही.

या म्हाताऱ्याची आणि आमची ओळख दूरदर्शनने करून दिली. नव्वदच्या दशकात रविवारी 'डकटेल्स' ही त्याची कार्टून मालिका हिंदीत लागायची, आणि तेवढा वेळ वाशीतल्या आमच्या बिल्डिंगचा जिना शांत असायचा. बाकीची पोरं त्या तीन उचापती पिल्लांवर खूश. मला म्हाताराच आवडायचा. कोट, उंच टोपी, चोचीवर टेकवलेला चष्मा, हातात काठी, आणि खर्चाचं नाव काढलं की चेहऱ्यावर उमटणारी ती कळ. ती कळ मी घरी रोज बघत होते.

त्याच्यावरचा गेम, नाव तेच 'डकटेल्स', कॅपकॉम या जपानी कंपनीने 1989 साली टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी काढला आणि पुढच्या वर्षी तो गेम बॉयवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रावर आणला. आमच्याकडे हा गेम बॉय आला तो मस्कतहून. आत्याचे यजमान तिथे नोकरीला होते, त्यांना तो कुणीतरी जाता जाता देऊन टाकला होता. सोबत कॅसेट एकच, हीच. आमच्याकडे गेमच्या कार्ट्रिजला कॅसेटच म्हणायचे, आणि ती चालली नाही की काढून फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नाही, उलट दमट हवेने आतले संपर्क गंजतात, काढून परत नीट बसवली म्हणून ती चालते, हे मला आता माहीत आहे. तरी मी फुंकर मारतेच.

तोवर बिल्डिंगमध्ये हातातला खेळ म्हणजे ब्रिक गेम. खोक्यावर 9999 गेम असल्याचं छापलेलं, त्यातले नऊ हजार नऊशे तरी तेच ठोकळे कमी-जास्त वेगाने पडण्याचे. त्यापुढे हे करडं धूड म्हणजे राजेशाही थाट होता. धूडच म्हणायचं, कारण फ्रॉकच्या खिशात ते मावत नसे.

आता या राजाची ऐपत बघा. पडदा 160 गुणिले 144 ठिपक्यांचा. रंग नाहीत, हिरवटाच्या चार छटा आहेत, सगळ्यात गडदपासून जवळजवळ पडद्यात विरून जाणाऱ्या छटेपर्यंत. आत दिवा नाही, त्यामुळे संध्याकाळ झाली की खेळ बंद किंवा ट्यूबखाली मान वाकडी. काहीतरी वेगात सरकलं की मागे त्याचं भूत रेंगाळतं. टीव्हीवर जे मोठं मैदान दिसायचं ते या खिडकीतून दाखवायचं म्हणून कॅपकॉमवाल्यांना जागोजागी नकाशेच बदलावे लागले.

हा गरीबपणा ठरवून केलेला होता. गेम बॉय ज्याच्या देखरेखीखाली घडला त्या गुनपेई योकोईची गोष्ट मी बऱ्याच उशिरा वाचली. निन्टेन्डो ही क्योटोची कंपनी, 1889 पासून पत्ते बनवणारी. योकोई तिथे लागला तो पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करायला. यंत्रं बिघडत नसली की हात रिकामे, म्हणून त्याने गंमत म्हणून एक लांब-आखूड होणारा चिमट्यासारखा हात बनवला. मालकाने तो पाहिला आणि रागवायचं सोडून बाजारात आणायला सांगितला. 1966 सालचं ते खेळणं धो धो खपलं. योकोईचं पद बदललं, पण मेंटेनन्सवाल्याचा स्वभाव गेला नाही. नवंकोरं, महागडं तंत्र घ्यायचं नाही. जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याच्या खोडी पाठ झाल्यात तेच घ्यायचं आणि त्याचा भलताच उपयोग शोधायचा, हे त्याचं धोरण. रंगीत पडदा तेव्हा मिळत नव्हता असं नाही. अटारीचा लिंक्स त्याच 1989 साली रंगीत आला, सेगाचा गेम गिअर पुढच्या वर्षी. दोघांनाही सहा-सहा सेल लागायचे आणि ते काही तासांत गार व्हायचे. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर दहा-बारा तास सहज काढायचा. लिंक्स आणि गेम गिअर आता जुन्या वस्तू जमवणाऱ्यांकडे बघायला मिळतात. गेम बॉय, त्याचा पुढचा रंगीत भाऊ धरून, 11 कोटींच्या वर खपला.

आमचे बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सलाच होते. योकोईबद्दल वाचताना त्यामुळे मला सारखं वाटत होतं की या माणसाचा डबा मी ओळखते.

बाबांनी गेम बॉयला कधी नाकं मुरडली नाहीत. त्यांचा प्रश्न सेलचा होता. चार सेल एकदम, तेही खेळासाठी, हे त्यांच्या तत्त्वात बसेना. मग त्यांनी सेलची बढती-बदलीची पद्धत घालून दिली. नवे चार सेल आले की त्यांच्या पोटावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा, त्यावर बॉलपेनने तारीख. ते आधी गेम बॉयमध्ये. पडद्याच्या डाव्या अंगाला एक लाल दिवा आहे, सेल उतरायला लागले की तो मंदावत जातो. तो मिणमिणायला लागला की कठड्यावर उन्हात एक दुपार. उन्हाने सेल भरत नाही, पण आतली रसायनं ऊब मिळाल्यावर जरा हातपाय हलवतात, तेवढ्यात गेममधला हिमालय पार होतो. त्यानंतर रिमोट. रिमोटनेही मान टाकली की भिंतीवरचं घड्याळ. आणि गंमत म्हणजे घड्याळ चालायचं! गेमच्या दृष्टीने मेलेला सेल घड्याळात महिनोन्‌महिने काढतो, कारण काटे हलवायला वीज जवळजवळ लागतच नाही. आमच्या घरात घड्याळं दोन, निवृत्त सेल चार. उरलेले दोन बाबा समोरच्या काकूंना नेऊन द्यायचे, तारखेच्या चिठ्ठीसकट. काकूंच्या घरातलं घड्याळ कित्येक वर्षं माझ्या गेमवर चाललं. त्यांचं घड्याळ मागे पडलं की त्या जिन्यात गाठून विचारायच्या, "काय गं, हल्ली खेळत नाहीस का?"

अशा घरात दुसरा कुठला नायक रुजला असता असं मला वाटत नाही. निन्टेन्डोचा तो मिशाळ प्लंबर मारिओ नाणी गोळा करतो, शंभर झाली की जीव वाढतो, हिशेब पुन्हा शून्यावर. म्हणजे पैसा मिळवला आणि उडवला. स्क्रूजचा आकडा नुसता वाढत राहतो. हिरा लहान की मोठा, त्याप्रमाणे पडद्यावर रक्कम चढते आणि ती चढणं हाच आनंद.

गेम सुरू केला की पाच ठिकाणं समोर येतात: ॲमेझॉन, ट्रान्सिल्वेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र. क्रम आपल्या मर्जीचा, फक्त खाणीला कुलूप आहे आणि तिची किल्ली ट्रान्सिल्वेनियात. भुताटकीच्या वाड्यात खाणीची किल्ली कुणी ठेवली, हेही क्युबिक एकराच्याच खात्यात टाकायचं. पण या गेमचा सगळा जीव आहे तो काठीत. उडी मारायची, आणि हवेत असतानाच खालचं बटण आणि 'बी' नावाचं बटण एकत्र दाबून धरायचं. म्हातारा काठी पायाखाली घेतो आणि तिच्यावर टण् टण् टण् उड्या मारत सुटतो. बोट काढेपर्यंत थांबत नाही. नुसत्या उडीपेक्षा ही उंच जाते. खाली शत्रू असला तर तो चिरडतो, पेटी असली तर फुटते, काटे असले तर टोचत नाहीत, कारण काट्यावर काठी पडते, पाय नाही. जमिनीवर उभं राहून तीच काठी गोल्फसारखी फिरवली की समोरचा दगड उडतो. बंदूक नाही, जादू नाही, नवं हत्यार विकत घ्यायचं दुकान नाही. एका काठीत सगळा संसार.

आणि रिकामी जागा रिकामी नसते. काहीच नसलेल्या एखाद्या कोपऱ्यात उडी मारली की हवेतून हिरा प्रकटतो. म्हणून सरळ पुढे पळणारा खेळाडू इथे गरीब राहतो. प्रत्येक कोनाड्यात काठी खुपसून बघणारा चिकट माणूस मालामाल होतो. ही शिकवण मुलांना द्यावी की नाही, माहीत नाही, पण रद्दी घालायच्या आधी प्रत्येक मासिक झटकून बघायची माझी सवय तिथलीच असावी.

हिमालयात मात्र गेम तुमचा तोरा उतरवतो. बर्फावर उड्या मारत निघालात तर काठी रुतते आणि म्हातारा तिच्यासकट अडकून बसतो. तेवढ्यात बाजूने एखादं जनावर येऊन धडकतं. ज्या एका युक्तीवर सगळं राज्य उभं, ती बर्फात चालत नाही, तिथे मुकाट्याने पायीच जायचं. माझा धाकटा भाऊ इथे हमखास यंत्र माझ्या हातात द्यायचा, आणि बर्फ संपला की हात पुढे करायचा.

दिवा नसलेल्या पडद्यामुळे मला उजेडाची चांगलीच पारख आली. हार्बर लाइन 1992 साली खाडी ओलांडून वाशीपर्यंत आली, त्यामुळे मावशीकडे चेंबूरला जाणं गाडीनेच. वाशी सुटलं आणि गाडी खाडीपुलावर चढली की दोन्ही अंगांना उघडं आभाळ, खाली पाण्याची चमक, आणि पडद्यावरची ती सगळ्यात फिकी, एरवी न दिसणारी छटासुद्धा दिसायला लागायची. चंद्रावर जायचं तर पुलावर, असं माझं ठरलेलं. पुलाच्या धडधडाटात आवाज ऐकू यायचा नाही एवढंच दुखणं, कारण चंद्राची धून हा या गेमचा मुकुटमणी आहे. हिरोशिगे तोनोमुरा या संगीतकाराची ती चाल आजही लोक पियानोवर, गिटारवर वाजवत बसतात. गेम बॉयमध्ये आवाजाचे मार्ग मोजून चार, त्यातला एक तर नुसत्या खरखरीसाठी. एका वेळी फार सूर लावताच येत नाहीत, म्हणून ते एकामागून एक इतक्या झपाट्याने पळवायचे की कानाला ते एकत्र वाजल्यासारखे वाटावेत. तिथेही काटकसरच. बाबा आयुष्यात एकदाही हा गेम खेळले नाहीत, पण दाढी करताना शिट्टीवर चंद्राची धून वाजवायचे, आणि ती कुठली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

2013 साली या गेमची नवी आवृत्ती निघाली. हाताने काढल्यासारखी देखणी चित्रं, आणि स्क्रूजचा आवाज मूळ मालिकेतल्याच ॲलन यंगचा, वयाच्या 93व्या वर्षी दिलेला. त्या आवाजापुढे हात जोडले. बाकी गेम बोलतो फार. दर चार उड्यांनी कुणीतरी येऊन आपण इथे का आलोय ते समजावून सांगतं. अहो, हिरे वेचायला आलोय, सरका बाजूला.

आता मी ठाण्यात राहते. वाशीला जायचं तर ट्रान्सहार्बरची गाडी. हल्ली जुने गेम भरलेली छोटी यंत्रं मिळतात, तसं एक घेतलंय. पडदा उजळ, रंग भडक, हजारो गेम आत, आणि फोनच्याच चार्जरवर चालतं. खेळते मी हाच एक. रबाळे-घणसोलीदरम्यान पूल नाही, पण या पडद्याला आभाळाची गरजही नाही, बोगद्यातसुद्धा लख्ख दिसतं.

परवा वाशीला बाबांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावून उलटसुलट करून पाहिलं, पाठीमागचं झाकण शोधलं. झाकण नव्हतंच.

"सेल कुठे घालतात यात?"

"सेल नाहीत बाबा, चार्ज करायचं."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग घड्याळात काय घालायचं?"