आमची वाटचाल : सुरुवात कानशीने झाली

आमचं काम धातूचे पार्ट बनवायचं. आज आमच्याकडे सीएनसी आहे, व्हीएमसी आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर धातू कापणारी मशीन, कस्टमर आले की आधी तिकडेच वळतात, पण मला विचाराल तर ही कंपनी मी अप्रेंटिस म्हणून लागलो तेव्हाच सुरू झाली, कारण आज आम्ही ज्या कामाचे पैसे घेतो ते काम मी तिथं शिकलोय.

सुरुवातीला मशीनला हात लावायला मिळायचाच नाही. व्हाइसमध्ये, म्हणजे बेंचवरच्या पकडीत, माइल्ड स्टीलचा (साध्या मऊ पोलादाचा) तुकडा, हातात धातू घासायची कानस, आणि सहाही बाजू सपाट आणि काटकोनात आणायच्या, बस्स. कानस पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना सोडायचा, आणि पुढे सरकता सरकता दाब एका हातावरून दुसऱ्यावर न्यायचा, नाहीतर जॉब, म्हणजे हातातला तुकडा, मध्यभागी फुगीर आणि कडेला उतरता होतो. मग गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की परत कानस. सरफेस प्लेटला, म्हणजे एकदम सपाट अशा पाटाला, ब्लू (निळा रंग) लावून त्यावर जॉब फिरवला की उंच जागी रंग लागतो, तेवढंच काढायचं. खांदे भरून यायचे, पण हाताला धातू कळायला लागतो तो इथंच, दुसरा रस्ता मला तरी दिसलेला नाही.

मोजमापाचं पण तेच. मायक्रोमीटर या बारीक मापाच्या साधनाचा स्क्रू एका फेऱ्यात 0.5 मिमी सरकतो, थिंबलवर (फिरवायच्या नळीवर) 50 भाग, म्हणजे एक भाग 0.01 मिमी, हे गणित पाच मिनिटांत समजतं. पण रॅचेट (ठराविकच दाब देणारी टोकाची मूठ) सोडून थिंबल आवळलं की तोच जॉब बारीक दाखवतो, ते कळायला हात बसावा लागतो. आमचे इन्स्ट्रक्टर गरम जॉब फायनलला मोजूच द्यायचे नाहीत. 100 मिमीचं स्टील 10 डिग्री तापलं की साधारण 12 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं, आणि त्या साइजला एच7 या फिटच्या ग्रेडची अख्खी टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, 35 मायक्रॉन, म्हणजे तिचा तिसरा हिस्सा नुसत्या उष्णतेनेच खाल्ला!

लेथवर, म्हणजे जॉब फिरवून कापायच्या मशीनवर, नियम एकच पण कडक, जॉब पकडणाऱ्या चकची चावी चकमध्ये असताना तिच्यावरचा हात काढायचा नाही. ड्रिल हाताने ग्राइंड करायला शिकवलं, टोकाचा कोन 118 डिग्री आणि दोन्ही धारा सारख्या लांबीच्या, एक लांब राहिली की होल मोठं पडतं.

पुढे स्वतःचं सुरू केलं तेव्हा एक जुनी लेथ आणि एक ड्रिल मशीन एवढंच होतं, आणि यायची ती सगळी रिपेअरची कामं. झिजलेले शाफ्ट (फिरणारे दांडे), बुश (त्यांच्याभोवतीच्या नळ्या), आत तुटलेले स्टड (आटे असलेले दांडे). त्यांना ड्रॉइंग नसतं, समोरचा झिजलेला पार्ट बघून मूळ साइज काय असेल, फिट सैल होता की टाइट हे ओळखायचं असतं, आणि तिथं ते सगळं शिक्षण कामी आलं. त्याच कस्टमरांनी पुढे प्रोडक्शनची कामं दिली मग सीएनसी घेता आली.

आता आमच्याकडे अप्रेंटिस मुलं येतात. त्यांना प्रोग्रामिंग लगेच हवं असतं आणि ते चूक नाही, प्रोग्रामिंग पण शिकवतोच, पण आधी बेंचवर कानस. ज्यानं जॉब केला त्यानं स्वतः मोजून रीडिंग लिहायचं, नंतर दुसरा तोच जॉब पहिल्याचं रीडिंग न बघता मोजतो, आणि दोन्हीत फरक आला तर दोघांनी मिळून कारण शोधल्याशिवाय तो जॉब आमच्याकडून बाहेर जात नाही.