टँकरला राखाडी रंग दिला की झाले का?

तेलवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत मी सव्वीस वर्षे काढली. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातील आरमारांचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास माझ्याकडे येतो : "काका, युद्धाच्या काळात व्यापारी टँकरच नौदलात घेत असत ना? मग त्यात एवढे विशेष ते काय? राखाडी रंग द्यायचा, दोन-चार तोफा बसवायच्या, झाले!" भाचरांनी हे विचारले आहे, वाचनालयातील मंडळींनी विचारले आहे, परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनीही विचारले. पंगतीत या प्रश्नाला न्याय देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सवडीने लिहितो आहे.

रंग खरोखरच आठवड्याभरात देता येतो, आणि तोफाही गोदीत दोन-तीन महिन्यांत बसतात. जहाज बांधून झाल्यावर त्याला देता येत नाही तो वेग. नौदलाच्या तेलवाहू जहाजाचे भवितव्य त्यामुळे युद्धापूर्वी कितीतरी वर्षे, कुणा तेलकंपनीच्या आराखड्यावर पहिली रेघ ओढली जाते तेव्हाच बरेचसे ठरून गेलेले असते. हे नीट पटावे म्हणून आधी टँकरचे रोजचे काम सांगतो.

मुंबई बंदरातील जवाहर द्वीपाच्या धक्क्यावर टँकर लागतो, तेव्हा तो चहूबाजूंनी दोरखंडांनी जखडलेला असतो. मॅनिफोल्डला, म्हणजे डेकवरच्या नळांच्या तोंडांना, पाइप जोडले जातात, झडपा एकेक करून उघडल्या जातात आणि मग पंप चालू होतात. जहाज जागचे हलत नाही, धक्का हलत नाही, तरीही जहाज हलके होत वर येऊ लागले की दोर सैल-तंग करावे लागतात आणि चीफ ऑफिसरच्या डोळ्याला डोळा लागत नाही. नौदलाच्या तेलवाहू जहाजाला हेच काम उघड्या समुद्रात, चालत्या स्थितीत करावे लागते. दोन जहाजे साठ-ऐंशी फुटांवर समांतर चालतात, मध्ये लाटा उसळत असतात, आणि दोन्ही कुशींच्या मधून जोराने वाहणाऱ्या पाण्यामुळे तिथला दाब कमी होऊन जहाजे एकमेकांकडे ओढली जातात. तेल देणाऱ्याने आपली दिशा आणि वेग सरळ रेषेसारखा राखायचा, घेणाऱ्याने त्याच्याशी जुळवून घ्यायचे, आणि तारेवर टांगलेल्या रबरी होसमधून, म्हणजे लवचीक नळीतून, तासन्‌तास तेल सोडायचे.

अमेरिकी नौदलात ही पद्धत 'मॉमी' नावाच्या तेलवाहू जहाजावर आकाराला आली. १९१७ च्या मे महिन्यात अटलांटिक ओलांडणाऱ्या विनाशिकांना त्या जहाजाने ग्रीनलंडच्या दक्षिणेला भर समुद्रात तेल दिले. त्या सामग्रीची जुळणी करणाऱ्यांत जहाजाचा एक तरुण इंजिनिअर अधिकारी होता, चेस्टर निमिट्झ. पुढे पॅसिफिक आरमाराचा सेनापती झालेल्या या माणसाने उमेदीची वर्षे तेलवाहू जहाजाच्या होस आणि तारांमध्ये घालवली होती, ही गोष्ट मला त्याच्या पुढच्या सगळ्या मानमरातबापेक्षा मोलाची वाटते.

आता वेगाचा हिशेब. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट हवा असेल, तर शक्ती सव्वातीनपटीहूनही जास्त लागते. १९३० च्या दशकातील साधा टँकर दहा-बारा नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) चालत असे आणि मालकाला तेवढेच परवडत असे, कारण कच्चे तेल दोन दिवस उशिरा पोहोचले म्हणून नासत नाही. अठरा नॉटसाठी मोठे बॉयलर, मोठी टर्बाइने, जहाजाला पुढे ढकलणारे दोन पंखे आणि जास्त इंधन, एवढा खर्च कुठलीही कंपनी आपणहून करणार नाही. अमेरिकेने हे ओळखले. १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मेरिटाइम कमिशन या सरकारी जहाजविषयक मंडळाने १९३८ च्या जानेवारीत न्यूजर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीशी बारा टँकरांचा करार केला. जहाजे कंपनीची, पण जादा वेगासाठी आणि इतर संरक्षणविषयक सोयींसाठी लागणारा वाढीव खर्च सरकारचा, असे त्याचे स्वरूप होते. या मालिकेतील पहिले जहाज 'सिमॅरॉन', ५५३ फूट लांब, साडेतेरा हजार अश्वशक्तीचे, दोन पंख्यांचे, अठरा नॉटचे. ते पेनसिल्व्हेनियातील चेस्टरच्या सन शिपबिल्डिंग गोदीत बांधले गेले आणि १९३९ च्या मार्चमध्ये नौदलात दाखल झाले. त्याच्या टाक्यांत दीड लाख पिंपांच्या आसपास तेल मावत असे.

वाचनालयातील एका निवृत्त गणिताच्या शिक्षकांनी मला इथे अचूक अडवले होते. तेल देताना जहाजे दहा-बारा नॉटनेच चालतात, मग अठरा कशाला, असे त्यांनी विचारले. बारा नॉट हाच ज्या जहाजाचा कमाल वेग आहे, त्याच्या हाताशी तेल देताना काहीच शिल्लक राहत नाही. वारा समोरून आला की ते मागे पडते, पाणबुडीची चाहूल लागली तर निसटू शकत नाही. याहून मोठी अडचण म्हणजे, विमानवाहू जहाजांच्या ताफ्याबरोबर ते मुळात ठरलेल्या ठिकाणी वेळेवर पोहोचतच नाही. संपूर्ण ताफा मग त्याच्या चालीने चालू लागतो.

हे कागदी अनुमान नाही. १९४१ च्या डिसेंबरात पॅसिफिकमधल्या वेक बेटावरील अमेरिकी तुकडीच्या मदतीला 'साराटोगा' हे विमानवाहू जहाज निघाले, तेव्हा त्याच्याबरोबर 'नेचेस' हे पहिल्या महायुद्धानंतरच्या पिढीतले मंद तेलवाहू जहाज होते. ताफा 'नेचेस'च्या गतीने सरकत राहिला, वाटेत विनाशिकांना तेल देण्यात आणखी वेळ गेला, आणि २३ डिसेंबरला वेक जपान्यांच्या हाती पडले. दोष एकट्या 'नेचेस'च्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण वरिष्ठांची चलबिचलही त्याला तेवढीच कारण होती. महिन्याभराने जपानी पाणबुडीने हेच जहाज बुडवले, तेव्हा 'लेक्सिंग्टन' या विमानवाहू जहाजाने वेकवर करायचा हल्ला रद्द करावा लागला. विमाने तयार, वैमानिक तयार, पण परतीचे तेल नाही. एका जुन्या टँकरबरोबर एक मोहीमच बुडाली.

पॅसिफिकच्या पलीकडच्या काठावर जपाननेही हाच विचार केला होता, याचा उल्लेख फार कमी होतो. सरकारी अनुदानाच्या आधारावर तिथे १९३० च्या दशकात जलद डिझेल टँकर बांधले गेले, आणि शांततेच्या काळात ते कॅलिफोर्नियाचे तेल जपानला आणत असत. 'क्योकुतो मारू', 'केन्यो मारू', 'शिंकोकू मारू' ही त्यांतलीच नावे. हवाईतल्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर चालून गेलेल्या जपानी सेनापती नागुमोच्या ताफ्याला उत्तर पॅसिफिकच्या खवळलेल्या थंड समुद्रात तेल पाजणारी सात-आठ जहाजे ही अशी व्यापारी टँकरांचीच रूपांतरे होती. त्यांच्याशिवाय तो ताफा हवाईपर्यंत जाऊन परत येऊ शकला नसता. हल्ल्याच्या इतिहासात विमानांची संख्या पाठ असणारे पुष्कळ भेटतात. या टँकरांची नावे सांगणारा मला अजून भेटायचा आहे.

रूपांतरात प्रत्यक्ष काय बदलत असे, तेही सांगतो. डेकवर उंच खांब आणि डेरिक, म्हणजे ओझे उचलणारे दांडे, उभे राहत. त्यांच्यावरून तारा सोडून होसला खोगिरासारख्या आधारांनी लटकवत, म्हणजे लाटेने जहाजे दूर-जवळ झाली तरी होसला हिसका बसत नसे. तारा ओढणारे विंच वाढवले जात. व्यापारी टँकर एका वेळी एकाच बाजूने माल उतरवतो. इथे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन जहाजांना देण्याची सोय लागे, तीही बॉयलरचे जाड तेल, डिझेल आणि विमानांचे पेट्रोल अशा निरनिराळ्या प्रकारांची. पेट्रोल आणि जाड तेल एकाच पाइपमधून गेले तर काय होते, हे पंपरूममध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. म्हणून पाइपांचे जाळे वेगळे, पंप वेगळे, झडपा वेगळ्या. शिवाय जिथे चाळीस-पन्नास खलाशी राहत होते, तिथे तोफांवरची माणसे धरून तीनशे माणसांच्या झोपण्याची, जेवणाची आणि पिण्याच्या पाण्याची व्यवस्था करावी लागे. पाण्याच्या व्यवस्थेचा विचार कुणी करत नाही. मी इंजिनखोलीतला असल्यामुळे मला मात्र आधी तीच दिसते.

'सिमॅरॉन'च्याच मालिकेतल्या 'नियोशो'ची हकीकत मी थोडी लांबवणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाला तिच्याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी ती पर्ल हार्बरमध्ये फोर्ड बेटाच्या धक्क्याला, युद्धनौकांच्या रांगेतच उभी होती, आणि विमानांचे पेट्रोल तिने नुकतेच उतरवले होते. पेट्रोल काढून घेतलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे मिश्रण साचलेले असते. ठिणगी पडायचा अवकाश. बॉम्ब पडत असताना कॅप्टन जॉन फिलिप्स यांनी तिला मागे घेत धक्क्यापासून सोडवले आणि जळत्या युद्धनौकांच्या शेजारून सुखरूप बाहेर काढले.

पाच महिन्यांनी, ६ मे १९४२ ला, ऑस्ट्रेलियाजवळच्या कोरल समुद्रात तिने 'यॉर्कटाउन' हे विमानवाहू जहाज आणि 'ॲस्टोरिया' ही क्रूझर यांना तेल दिले आणि 'सिम्स' या एकट्या विनाशिकेसह तिला दक्षिणेला, सुरक्षित समजल्या गेलेल्या पाण्यात पाठवण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी जपानी टेहळणी विमानांनी ही दोन जहाजे पाहिली आणि विमानवाहू जहाज व क्रूझर सापडल्याचे कळवले. ७८ विमाने त्यांच्यावर सोडण्यात आली. 'सिम्स' दुपारी बुडाली. 'नियोशो'वर सात बॉम्ब पडले आणि एक विमान येऊन आदळले. जपानी विमाने या दोन जहाजांमागे गुंतलेली असताना, त्याच दिवशी अमेरिकी विमानांनी 'शोहो' हे जपानी विमानवाहू जहाज बुडवले.

बॉयलर विभागातले ऑस्कर पीटरसन हे त्या वेळी दुरुस्ती तुकडीचे प्रमुख होते. त्यांच्या तुकडीतली सगळी माणसे मेली होती किंवा जबर जखमी झाली होती. ते स्वतःही भाजलेले होते. तशा अवस्थेत त्यांनी एकट्याने वाफेच्या मुख्य नळांवरील झडपा बंद केल्या, त्यात आणखी भाजले आणि त्या जखमांनी काही दिवसांत त्यांचा अंत झाला. त्यांना मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान मरणोत्तर मिळाला. फुटलेल्या नळातून सुटलेली वाफ कशी असते, तिचा आवाज कसा असतो, हे मी जाणतो. तिच्यापासून दूर पळणे हाच माणसाचा स्वभाव आहे, आणि झडपेचे चाक काही एका झटक्यात फिरत नाही. त्यांच्याविषयी वाचताना मी दरवेळी थांबतो.

जहाज मात्र बुडाले नाही. कलंडलेले, निकामी झालेले, ते चार दिवस तरंगत राहिले. टँकरची कूस लांबी-रुंदीच्या पोलादी भिंतींनी अनेक टाक्यांत विभागलेली असते, आणि रिकाम्या झालेल्या टाक्यांतली हवा त्याला तोलून धरते. तेल सांडू नये आणि हिंदकळू नये म्हणून व्यापारी आराखड्यात घातलेल्या त्या भिंतींनीच जहाजावर उरलेल्या माणसांना वाचवले. ११ मे रोजी 'हेन्ली' ही अमेरिकी विनाशिका पोहोचली, तिने दोन्ही जहाजांवरची १२३ माणसे घेतली आणि 'नियोशो'ला बुडवले. पहिल्या गोंधळात तराफ्यांवर उतरून वाहत गेलेल्यांपैकी मात्र फारच थोडे वाचले.

ब्रिटनची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ती मुख्यतः उणिवेची आहे. १९३७ मध्ये ॲडमिरल्टीने, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या खात्याने, बांधणी चालू असलेले काही व्यापारी टँकर विकत घेतले. 'डेल' या नावाने ते ओळखले जातात. जहाजे मजबूत, पण चाल अकरा-बारा नॉटची, कारण आराखडा व्यापाराचा होता आणि वेगासाठी आधी कुणी पैसा ओतला नव्हता. जगभर बंदरे असलेल्या साम्राज्याला समुद्रात तेल घेण्याची गरजच वाटली नाही. १९४५ मध्ये ब्रिटिश पॅसिफिक आरमार बंदरांपासून दूर लढायला आले, तेव्हा मोठ्या युद्धनौकांना टँकरच्या मागे राहून, पाण्यावर तरंगत सोडलेली होस उचलून तेल घेण्यात अमेरिकी जहाजांच्या मानाने फार वेळ मोडावा लागला.

अमेरिकेलाही बारा जहाजे पुरली नाहीत. त्यातच अटलांटिकमध्ये विमानवाहू जहाजांची टंचाई झाली, तेव्हा 'सिमॅरॉन'च्या मालिकेतली 'सॅन्गमन', 'सुवानी', 'चेनँगो' आणि 'सँटी' ही चार जहाजे काढून त्यांच्यावर धावपट्टी बसवण्यात आली. तेलाची इतकी गरज असताना ती चार द्यावी लागली, याचे मला वाईट वाटते. पण ती निवडली गेली तीही वेग आणि मोठी कूस यांच्यासाठीच. उरलेली तूट युद्धकाळात एकाच ठरावीक आराखड्यावर घाऊक बांधलेल्या टी-टू जातीच्या टँकरांनी भरून काढली. त्यांच्या एकाच उपप्रकाराची ४८१ जहाजे तीन-चार वर्षांत बांधली गेली. टर्बाइनला लागणारे मोठे गिअर तयार करणारे कारखाने कमी पडत होते, म्हणून त्यांत टर्बाइनने वीज निर्माण करून विजेच्या मोटरने पंखा फिरवला. घाईची किंमतही मोजावी लागली : १९४३ च्या जानेवारीत 'स्केनेक्टडी' हा नवाकोरा टँकर पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभा असताना मोठा आवाज होऊन मधोमध दुभंगला. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद आणि सदोष जोडकाम ही त्याची कारणे.

व्यापारी आराखड्यावरून नौदलाचे तेलवाहू जहाज करण्याची रीत पुढेही चालू राहिली. भारतीय नौदलात १९९६ मध्ये आलेली 'ज्योती' ही रशियात व्यापारी टँकर म्हणून आखलेल्या जहाजावरूनच घडवलेली आहे.

'सिमॅरॉन'चे काय झाले, असे हे सगळे ऐकल्यावर कुणी ना कुणी विचारतेच. टोकियोवर हल्ला करायला डूलिटलच्या विमानांना घेऊन निघालेल्या 'हॉर्नेट' या विमानवाहू जहाजाला १९४२ च्या एप्रिलमध्ये शेवटचे तेल देणाऱ्यांत ती होती. नंतर कोरियाच्या युद्धात होती, व्हिएतनामच्याही. १९६८ मध्ये ती सेवेतून बाहेर पडली, तेव्हा तिला एकोणतीस वर्षे झाली होती, आणि मी ज्या जहाजांवर काम केले त्यांतले एकही तेवढे टिकले नाही.