काल काय जेवलात? तीन पिढ्यांची ताटं मोजताना

पोषणशास्त्रात एम.एस्सी. करताना प्रबंधाचा विषय मी घरातूनच उचलला. माझी आजी, आई आणि धाकटी बहीण एकाच भांड्यातला भात जेवतात. तरी आजी काटकुळी, आईला कायम थकवा, आणि बहिणीचं वजन पंधराव्या वर्षीच वाढत चाललेलं. मग गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतली 30 घरं घ्यायची, जिथे आजी, आई आणि मुलगी एका छपराखाली राहतात, आणि तिघींचं खाणं मोजायचं, असं ठरवलं.

मार्गदर्शक मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "एकच वयोगट घे, लवकर सुटशील." पण तीन पिढ्यांचा हट्ट मी सोडला नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजांडं तयार होतात. म्हणजे आज दहावीत असलेल्या मुलीच्या बीजाची सुरुवात तिच्या आजीच्या, आईच्या आईच्या, पोटात झालेली असते. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांपेक्षा जवळपास 800 ग्रॅमने हलकी. पण हलकी असूनही चरबी फारशी कमी नाही, कमी होते ते स्नायू. पुढे असंही दिसलं की ज्या मातांच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-12 कमी होतं (दोन्ही ब जीवनसत्त्वं), त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त होती. हे वाचल्यावर एकाच वयोगटावर काम करणं मला जमण्यासारखं नव्हतं.

नैतिकता समितीने माझा अर्ज दोनदा परत पाठवला. पहिल्यांदा रागच आला. आज वाटतं, समितीचं बरोबर होतं. माझ्या संमतिपत्रात लिहिलं होतं, 'सहभागी व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर अभ्यासातून माघार घेण्याचा अधिकार राहील.' शेजारच्या काकींना वाचायला दिलं तर त्यांनी विचारलं, "हे कोर्टाचं आहे का गो?" मग मी ते पुन्हा लिहिलं : 'मधेच नको वाटलं तर पुरे म्हणा. कारण विचारणार नाही. रेशन, अंगणवाडी, दवाखाना, कशावरही त्याचा परिणाम होणार नाही.' अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी आईची सही लागते, आणि शिवाय मुलीचा स्वतःचा होकार वेगळा. या वेगळ्या होकाराचं महत्त्व मला प्रत्यक्ष घरांत गेल्यावर पटलं. आईने सही केलेली असायची आणि मुलगी वजनकाट्यावर चढायला नकार द्यायची. तिचा नकार तिथेच मानायचा.

पद्धत म्हणाल तर साधी. मागच्या 24 तासांत काय खाल्लं-प्यालं ते विचारायचं. लागून नसलेल्या तीन दिवशी, त्यातला एक रविवार. पण गोव्यात वार चुकला की सगळंच चुकतं. पहिल्या फेरीत मला मंगळवारी सवड असायची म्हणून मी मंगळवारी जायचे. म्हणजे विचारायचे सोमवारचं. बऱ्याच घरांत सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहारी! दहा-बारा घरांच्या कागदांवर मासळीचं नाव नाही, आणि मी गोव्यात प्रथिनं कमी पडतात असा निष्कर्ष काढायच्या बेतात. ते कागद बाजूला ठेवून वारांचं वेळापत्रक नव्याने आखलं. मग जून उजाडला. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद, बाजारात मासळी कमी आणि महाग, घराघरांत सुके बांगडे आणि गालमो (सुकी बारीक कोळंबी) बाहेर निघालेले. एक आजी म्हणाल्या, "नुस्तें ना, जेवण गेलें ना." मासळी नाही, म्हणून जेवणच गेलं नाही. तो दिवस मी नोंदला, पण ऑक्टोबरमध्ये तिथे परत गेले.

मापांचं सांगायलाच हवं. मी शहरातून ठरावीक मापाच्या वाट्या घेऊन गेले होते. कुणाच्याच घरात तशी वाटी नव्हती. मग प्रत्येक घरातली वाटी, कप, पेला, नारळाच्या करवंटीचा डाव, सगळं पाण्याने भरून छोट्या डिजिटल काट्यावर तोलायचं आणि वहीत लिहायचं. पेजेने तर सगळ्यात जास्त छळलं. "दोन वाट्या पेज" सगळ्याच सांगतात. केरी भागातल्या एका घरात मी आजींची वाटी आणि नातीची वाटी, दोन्ही गाळणीतून गाळल्या. नातीच्या वाटीत खालचं घट्ट शीत होतं, आजींच्या वाटीत जवळजवळ सगळं वरचं पाणी. दात नसल्यामुळे त्या तेवढंच पीत होत्या. माझ्या आधीच्या तक्त्यात दोघींना सारखेच उष्मांक मिळालेले. त्या दिवसापासून पेज गाळल्याशिवाय लिहायची नाही, हा नियम केला. (तांदूळ उकडा असेल तर तेही लिहायचं, उकडताना कोंड्यातलं थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) दाण्यात शिरतं आणि तांदूळ पॉलिश केल्यावरही बरंच टिकतं.)

मिठाचंही तसंच. त्याच आजी म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितल्यापासून मीठ सोडलंय." वरून मीठ त्या खरंच घेत नव्हत्या. पण पेजेबरोबर रोज एक खारातली कैरी, म्हणजे तोर, असायची. शिवाय खारी मासळी. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा आहे. मी घरांमध्ये एकेक किलोची पिशवी तोलून दिली आणि पंधरा दिवसांनी उरलेली तोलली. पण खारात घातलेलं मीठ कुणी सगळं खात नाही, ते बरणीतच राहतं. म्हणून मुरवणीचं मीठ वेगळं धरावं लागलं.

आजींची उंची घेणं मला सर्वांत अवघड गेलं. पाठीला बाक आलेल्या बाईला भिंतीला टेकून "सरळ उभ्या राहा" म्हणणं मला एकदाच जमलं, दुसऱ्यांदा तोंडातून निघेना. मग हात पसरून, गळ्याच्या खालच्या खोबणीपासून मधल्या बोटांच्या बेचक्यापर्यंत टेपने मोजायचं आणि त्यावरून उंची काढायची, ही रीत शिकून घेतली.

पण माझा सगळा अभ्यास ज्यावर अडला ती मधली पिढी. आया. "काल काय जेवलात?" असं विचारलं की त्या काय रांधलं ते सांगायच्या. सासूने काय खाल्लं, मुलाने काय टाकलं, नवऱ्याच्या डब्यात काय दिलं, सगळं तोंडपाठ. स्वतःचं विचारलं की, "कितें खातलें बाय, उरलें तें." काहींच्या उत्तरांची बेरीज 1100 किलोकॅलरीच्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या तक्त्यात 55 किलोच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला 1660 लागतात. आणि या बायका बैठं काम करणाऱ्या नव्हत्या, त्यांचं वजनही कमी नव्हतं. आकडे जुळत नव्हते.

एका घरात पाऊस लागला म्हणून मी सकाळपासून स्वयंपाकघरातच बसून राहिले, वही बंद. वहिनी नारळ खवताना चिमूटभर खोबरं तोंडात टाकत होत्या. मुलाने टाकलेला अर्धा पाव चहात बुडवून उभ्यानेच संपवला. कढी चाखली, दोनदा. दुपारी सगळे जेवून गेल्यावर तव्यातला बांगड्याचा रवा आणि शेपटी भातात कालवून, भांड्यातूनच खाल्लं. लगेच चहा. चारला बिस्किटं. संध्याकाळी मी नेहमीचा प्रश्न विचारला आणि उत्तर आलं, "भात नि कढी." त्या खोटं बोलत नव्हत्या. ताट वाढून घेतलेलं नाही, म्हणजे खाल्लं नाही, असा त्यांचा हिशेब.

तिथून मी प्रश्न बदलला. "काल उठल्यावर पहिलं काम काय केलंत? मग? तेव्हा हातात काय होतं?" असं कामाच्या मागोमाग जायला लागले. दळणाला गेल्या, तिथे शेजारणीने चहा दिला. बसची वाट बघताना भजी घेतली. बेरीज वाढली, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय वाढलं ते दिसलं : पाव, बिस्किट, साखर. मासळीचा तुकडा मात्र वाढला नाही. तो शेवटच्या जेवणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच यायचा. मासळीतलं लोह अंगी लागतं, भाताबरोबरच्या भाजीतलंही ती लागायला मदत करते. आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा भाजीतलं लोह अडवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत गोव्यातल्या 15 ते 49 वयाच्या 39 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत 31.3 टक्के होत्या. देशाच्या 57 टक्क्यांपुढे आपण बरे दिसतो, म्हणून याकडे कुणी बघत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

आरोग्य केंद्रातली नर्स सोबत घेऊन हिमोग्लोबिन मोजलं तेव्हा त्या वहिनी बायकांसाठीच्या 12 ग्रॅमच्या मर्यादेच्या बऱ्याच खाली निघाल्या. चिठ्ठी लिहून दिली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चहा सोडा असं मी सांगितलं नाही. जेवणानंतर तासभर थांबा, एवढंच सांगितलं.

पुढे महिनाभर नुसती आकडेमोड. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत 528 खाद्यपदार्थ आहेत, पण त्यात तिझन (नाचणीची गोड खीर) नाही, खतखतं (मिश्र भाज्यांचा रस्सा) नाही. प्रत्येक पदार्थ मोडून नाचणी किती, गूळ किती, नारळाचा रस काढून चोथा टाकला की वापरला, असं लिहावं लागलं. नाचणीत 100 ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आज्यांच्या बोलण्यात ती सारखी येत होती, नातींच्या तीन दिवसांत जवळजवळ कुठेच नव्हती.

प्रबंध जमा करून आता वर्ष होईल. गेल्या आठवड्यात मागच्या वर्गातली एक मुलगी प्रश्नावली मागायला आली. प्रश्नावलीबरोबर मी तिला वाट्यांच्या वजनांची वही दिली, आणि प्रत्येक गावातल्या पहिल्या घरी एक सकाळ पेन न घेता बसायला सांगितलं. तिने तारीख विचारली. शिवराक सोमवार-गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी पहिली फेरी नको, आणि मासळी बघायची असेल तर जून-जुलै नको, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं.