शेजारचं दुकान

एकट्यानं धंदा करणाऱ्याच्या ऑफिसात बरेच लोक असतात. ग्राहकानं भाव पाडून मागितला की मी "सरांना विचारून सांगतो" म्हणतो, फोन ठेवतो आणि सरांसाठी चहा मांडतो. नागपुरात, प्रतापनगरातल्या घराच्या वरच्या खोलीत मी लेबलं, लग्नपत्रिका, बिलबुकं डिझाइन करतो. मालक मी, शिपाईही मी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दिवसभर खोलीत बोलणारा काय तो एक कूलर.

मदत म्हणाल तर ती पैसे टाकून मिळते. छापायला प्रेस आहे, रिटर्न भरायला सीए आहे. पण एखादं लेबल झकास जमलं तर "हे पाहा" म्हणायला कोणी नसतं, आणि फोनवर ग्राहकानं झापलं तर त्याची नक्कल करून दाखवायलाही कोणी नसतं. नोकरीत निदान साहेबाच्या नावानं बोटं मोडता येतात. घरी सांगावं तर आई लगेच घाबरते. तिसऱ्या वाक्याला "पाहा बापा, नोकरीच बरी होती" येतंच.

सरकारनं २०१३ च्या कंपनी कायद्यात एकट्या माणसाला कंपनी काढायची सोय केली, 'वन पर्सन कंपनी'. मी हौसेनं सगळं वाचून काढलं. तिथंही अट निघालीच: मालकाचं बरंवाईट झालं तर त्याच्या जागी कोण, त्या दुसऱ्या माणसाचं नाव त्याच्या लेखी संमतीसह आधीच द्यायचं. म्हणजे कागदावरसुद्धा पुरता एकटा माणूस चालत नाही. (मी कंपनी काढली नाही, पण ती खर्च पाहून.)

इतवारीच्या जुन्या बाजारपेठेत मात्र हा प्रश्न कोणाला पडलेला दिसत नाही. मसाल्या-पापडाच्या लेबलांपायी माझं तिकडं जाणं होतं. तिथली कितीतरी दुकानं म्हणजे एक गल्ला आणि एक माणूस. ओळीत सगळ्यांचा माल तोच, गिऱ्हाईकही तेच, म्हणजे रीतसर वैरी. पण एकाला उठायचं झालं की तो पलीकडच्याला नुसतं "पाहजा हो भाऊ" म्हणतो आणि चालू लागतो. पाचशेची चिल्लर शेजारून येते. जिरं संपलं तर तेही शेजारून येतं, आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागत नाही. कोणाचा चेक परत गेला ही बातमी दुपारच्या चहाआधी ओळीच्या टोकाला पोचलेली असते. या लोकांचं एकमेकांवर फार प्रेम आहे अशातला भाग नाही. दिवाळीपासून अबोला धरलेले दोघे मी पाहिलेत, दुकान मात्र एकमेकांचं बघतात. आम्ही घरी बसून धंदा करणाऱ्यांनी भाडं वाचवलं, त्यात हे शेजारचं दुकान गेलं.

आणि गाऱ्हाणं तर या शहरात एकट्यानं कोणी करतच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातल्या दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक; १८८० च्या दशकापासून निघते आहे. नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते. मागून बडगे, म्हणजे आणखी पुतळे असतात, त्या वर्षी गावाचा ज्याच्यावर राग असेल त्याचे. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणून सगळे ओरडतात. त्या गर्दीत मीही बेंबीच्या देठापासून ओरडलो, "उधारी घेऊन जा गे मारबत!" शेजारच्या बाई वळल्या. "कोणाकडं अडकले हो तुमचे?"

त्या बुटिकसाठी ब्लाउज शिवतात, घरीच, एकट्या. त्यांच्या ओळखीचा एक सीसीटीव्ही बसवणारा पोरगा आहे, तोही एकटाच. आता सोमवारी सकाळी आम्ही तिघं तर्री-पोह्याच्या गाडीवर भेटतो. अजेंडा नसतो. पहिल्याच सोमवारी मी माझा भाव सांगितला तर पोरगा चमचा तसाच धरून म्हणाला, "एवढ्यात करून राहिले का भाऊ तुम्ही?" भाव मी तिथल्या तिथं वाढवला. सरांना विचारलं नाही.

उधारीची तोडही गाडीवरच निघाली. तसा कायदा आमच्या बाजूचा आहे. उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या धंद्याचे पैसे २००६ च्या कायद्याप्रमाणे करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी फार तर ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर व्याज लागतं. पण ज्याच्याकडून पुढचं काम हवंय त्याला हे ऐकवायचं कोणी? स्वतःच्या पैशांसाठी फोन केला की मी आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतो, मग पावसाची, मग ठेवून देतो. दुसऱ्याच्या पैशांसाठी मात्र माझी जीभ अगदी सरळ चालते. ताईंचंही तसंच. म्हणून वसुली आम्ही अदलाबदलीनं करतो. ताई माझ्या मसालेवाल्यांना फोन करतात. एकानं तर पैसे टाकून वर मला सांगितलं, "तुमच्या मॅडम लय कडक आहेत हो." मी ताईंच्या बुटिकला फोन केला, तेव्हा मालकीणबाईंनी विचारलं, "त्या स्वतः का नाही बोलत?" म्हटलं, "त्या कामात आहेत." पैसे संध्याकाळी जमा झाले.

सीसीटीव्हीवाल्याची वसुली तेवढी आम्हा दोघांनाही जमलेली नाही. त्याचे पैसे त्याच्या सासऱ्यांकडे अडकलेत.