गाडीचं रबर कोण खातंय?

काचेवर पाणी उडेना, इथून सुरुवात झाली. जूनचा पहिला पाऊस पडून गेला होता, काच चिखलाच्या शिंतोड्यांनी भरलेली, आणि दांडी ओढली की मोटरचा नुसताच घुर्र आवाज. टाकी भरली, तर दुसऱ्या दिवशी गाडीखाली थारोळं. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि करंगळीपेक्षा बारीक अशी काळी रबरी नळी बाहेर ओढून दाखवली. टोक कात्रीने तिरकं कापावं तसं. "उंदीर, ताई." ऐंशी रुपयांत नवी नळी बसली आणि मी विषय डोक्यातून काढून टाकला.

दहा-बारा दिवसांनी एसी लावला की ओल्या गोधडीसारखा वास यायला लागला. केबिन फिल्टर काढला तर त्यात बॉनेटच्या आतल्या फेल्टचा पिंजलेला कापूस, नारळाचा काथ्या, शेंगांची टरफलं आणि पोळीचा एक वाळका तुकडा. कुणीतरी संसारच मांडला होता. मग मागच्या दाराचं रबर एका बाजूने कुरतडलेलं दिसलं. मग एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागला तो विझेना.

तरी मी ढिम्म. हलले ते कात्रजच्या जुन्या घाटात. आईला घेऊन खेड शिवापूरला निघाले होते. अर्ध्या चढावर तापमानाचा काटा वर वर जायला लागला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ आली. आई म्हणाली, "पाणी घाल की." गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, दाबाखालचं उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं, एवढं मला ठाऊक होतं. बाकी काहीच ठाऊक नव्हतं. टोइंगवाला येईपर्यंत आम्ही दोघी कठड्याशी बसून डब्यातली धपाटी खाल्ली. रेडिएटरच्या जाड होज पाइपवर दातांच्या जोडखुणा होत्या आणि त्याच जागी तो फाटला होता.

सर्व्हिस सेंटरने अंदाज दिला ३८,००० रुपयांचा. वायरिंगचा अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगाच बदलायचा म्हणे. गाडी नऊ वर्षांची. एवढे पैसे घालायचे तर तिच्यात गालिचे अंथरून मीच राहायला गेले असते. नाना पेठेतल्या एका वायरमनचा पत्ता ऑफिसातल्या सहकाऱ्याने दिला. त्याने विजेरी तोंडात धरून अर्धा तास वायरी चाचपल्या. "चार ठिकाणी खाल्लंय मॅडम. चार जागांसाठी जुडगा कशाला बदलायचा?" तीन वायरी त्याने डाग देऊन जोडल्या आणि वर गरम करून आवळणारी नळी चढवली. चौथी, चाकापाशी जाणारी एबीएस सेन्सरची वायर मात्र जोडायला साफ नकार दिला. चाक वळताना ती सतत हलते, वर पाणी-चिखल, जोड टिकत नाही. सेन्सर वायरीसकट नवा घ्या. जो माणूस स्वतःच्या कामाला नाही म्हणतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो. होज पाइप, दाराचं रबर, सेन्सर, मजुरी धरून ९,४०० रुपये झाले.

काम सुरू करण्याआधी मी विमा कंपनीला फोन केला होता. (सर्व्हेयरने पाहण्याआधी दुरुस्ती केली की दावा बुडालाच म्हणून समजा.) उंदरांनी केलेलं नुकसान काही पॉलिसींत धरतात, काहींत नाही, माझ्या पॉलिसीत धरत होते. पण माझ्याकडे झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जादा सोय, नाही, आणि त्याशिवाय रबर, नायलॉन, प्लॅस्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापतात. वर १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये आपल्या खिशातले. म्हणजे हातात येणार जेमतेम ५,०००. आणि माझा ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर. तो पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत ५० वर यायला पाच वर्षं. दर वर्षीचा फरक मांडला: ५०, ३०, २५, १५, ५. बेरीज १२५ टक्के. माझा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ता बोनसआधी ५,६०० रुपये, त्याचे सव्वापट ७,०००. पाच हजारांसाठी सात हजार घालवायचे! दावा केला नाही. हे गणित मी जेवणाच्या टेबलावर पुसायच्या कागदावर केलं होतं, तो कागद अजून गाडीच्या कागदपत्रांत आहे.

आता प्रश्न होता पुन्हा हेच होऊ न देण्याचा, आणि सोसायटीत प्रत्येकाकडे उपाय होता. गणपतीच्या वाहनाने माझं वाहन खाल्लं हा विनोद ग्रुपवर चार वेळा झाला, त्यानंतर सल्ले. तंबाखूची पानं कापडात बांधून ठेवली. पंधरा दिवस गाडी जर्दाच्या दुकानासारखी दरवळली आणि एका सकाळी पुरचुंडीच गायब. डांबरगोळ्या ठेवल्या तर त्यांचा वास वायपरखालच्या जाळीतून थेट केबिनमध्ये. स्वारगेटपर्यंत डोकं ठणकलं. शिवाय इंजिनाच्या गरम भागांजवळ कापडाच्या पिशव्या ठेवणं म्हणजे आग लावायची तयारी, हे वायरमनने रागावून सांगितलं तेव्हा कळलं. हिंग वाया गेला, त्याचं जास्त वाईट वाटलं. बॅटरीला जोडायचं एक आवाजाचं यंत्र मागवलं, माणसाला ऐकू न येणारा आवाज करणारं. पहिले चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी त्या यंत्राचीच वायर कुरतडलेली.

भाचा श्टुटगार्टला असतो. त्याच्याकडे उंदीर नाही, मार्टेन नावाचा मुंगसाच्या अंगलटीचा प्राणी गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वायरी खातो, आणि विमा कंपन्या ते नुकसान नेहमीचं म्हणून भरून देतात. तिथले लोक गाडीखाली लाकडी चौकटीवर तारेची जाळी पसरतात. त्या प्राण्याला जाळीवर पाय ठेवायला आवडत नाही म्हणे. कॅलिफोर्नियातल्या सिक्वोया राष्ट्रीय उद्यानात मार्मोट (खारीच्या कुळातले जाडजूड प्राणी) गाड्यांचे होज चावतात, म्हणून मिनरल किंगला जाणारे लोक अख्खी गाडी खालून ताडपत्रीने गुंडाळतात, हेही त्यानेच सांगितलं. मी जाळी पसरून पाहिली. आमच्याकडचं जे काही होतं ते त्या जाळीवरून एसटी स्टँडवर चालावं तसं चालत गेलं.

"जे काही होतं" म्हणतेय, कारण तोवर मी कुणाला पाहिलंच नव्हतं. दुसऱ्यांदा गाडी दाखवायला गेले तेव्हा वायरमनने विचारलं, "रात्री खातात की दिवसा?" मला उत्तर देता येईना. तो म्हणाला, आधी ते बघा, मग औषध.

घरी रांगोळीचा डबा होता. रात्री दहाला गाडीभोवती बारीक चाळणीने रांगोळी भुरभुरली, सकाळी सहाला पाहिली. ड्रेनेजच्या झाकणापासून पुढच्या उजव्या चाकापर्यंत पावलांची रांग आणि मधोमध शेपटी घासत गेल्याची रेघ. झाडून पुन्हा भुरभुरली, त्या दिवशी घरूनच काम होतं. दुपारी एकला पाहते तर डाव्या बाजूला, भिंतीकडून आलेले चार-चार ठशांचे झुबके, उड्या मारत गेल्यासारखे. शेपटीची रेघ नाही. तीन दिवस हेच. दोन वेगवेगळे भाडेकरू, दोन पाळ्यांत. दिवसपाळीवाली चौथ्या दिवशी दिसली: बॉनेटच्या फटीतून बाहेर आलेली झुपकेदार शेपटी. खार.

आम्ही सहकारनगरात, तळजाईच्या टेकडीच्या पायथ्याशी. जांभळाचं झाड नेमकं माझ्या पार्किंगवर झुकलेलं. उंदीर, घूस, खार या सगळ्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते घासायला काहीतरी चावावंच लागतं. पण खारीला चावण्याइतकंच घरट्याचं सामान हवं असतं, आणि बॉनेटचं फेल्ट म्हणजे तिला आयता पिंजलेला कापूस. रात्रपाळी वेगळी होती. कंपाउंडच्या भिंतीला लागून तीन बिळं, तोंडाशी ताज्या मातीचे ढीग. ढीग म्हणजे घूस. इंग्रजांनी तिला दिलेलं बँडिकूट हे नाव तेलुगू 'पंदिकोक्कु'वरून आलंय, अर्थ डुक्कर-उंदीर. एकदा समोरासमोर पाहिल्यावर नाव अगदी पटतं.

घुशीचं काम तुलनेने सरळ झालं. वॉचमनमामांनी तिन्ही बिळांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. सकाळी दोन बोळे बाहेर फेकलेले, म्हणजे दोन बिळं जागती. ती सिमेंटमध्ये काचेचे तुकडे कालवून बुजवली. ड्रेनेजच्या झाकणाचा कोपरा तुटला होता, झाकण बदललं. आणि कचरा. कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई सकाळी येतात, पण अर्धे लोक ओल्याचे डबे आदल्या रात्रीच जिन्याखाली आणून ठेवत होते. रात्री डबे ठेवू नका अशी नोटीस फळ्यावर लावली, त्यावर कुणीतरी पेनने शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या, पण डबे रात्री बाहेर येणं बंद झालं. कमिटीतल्या एकांनी विषाच्या वड्या टाकू म्हटलं. मी अडून बसले. विष खाल्लेला उंदीर मरायला गाडीतच शिरतो, आणि तो बाहेर सापडला तर मांजर किंवा घुबड खातं आणि तेही मरतं. आमच्या मागच्या पडक्या टाकीवर गव्हाणी घुबडाची जोडी आहे, फुकटात उंदीर मारते. तिला मारून आपण काय मिळवणार? त्याऐवजी पिंजरा लावला, आत भजं. दोन साधे उंदीर सापडले. घूस भज्याला भुलली नाही.

मग जाळी. बोहरी आळीतून पाव इंची भोकांची स्टीलची जाळी आणली. कोंबडीजाळी घेऊ नका, तिच्या भोकातून लहान उंदीर हसत हसत जातो. वायपरखाली जिथून एसीची हवा आत जाते तिथे आतल्या बाजूने एक तुकडा, केबिनकडे वायरी जातात तिथल्या कुरतडलेल्या रबरी बुचाऐवजी नवं बूच आणि त्यावर दुसरा तुकडा. होज पाइपवर आणि वायरींच्या जुडग्यावर स्टीलच्या विणीचं आवरण. हे सगळं वायरमनकडूनच करून घेतलं, आणि त्याने दोन गोष्टी बजावल्या: जाळी बॅटरीच्या टोकाला कधीच लागता कामा नये, आणि सायलेन्सरच्या बाजूला प्लॅस्टिकचे टाय नकोत, वितळतात, तिथे तारच. रेडिएटरसमोर आणि पंख्याजवळ त्याने काहीच लावू दिलं नाही. खर्च २,३०० रुपये. जुनी घाण काढायचं काम मात्र मी स्वतः केलं: हातमोजे, मास्क, आधी ब्लीचचं पाणी मारून सगळं ओलं केलं आणि मग पुसलं. पावसाळ्यात उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, कोरडं झटकायचं नाही.

खार राहिली. आणि खारीचा प्रश्न खारीशी नव्हता, पहिल्या मजल्यावरच्या आजींशी होता. आजी रोज सकाळी साडेनऊला भिंतीवर मूठभर शेंगा ठेवतात. भिंत माझ्या गाडीला लागून. मी दोन दिवस वाक्यं जुळवली आणि वर गेले.

"आजी, त्या शेंगा जरा पलीकडे ठेवता येतील का? खार माझ्या गाडीत घर करतेय."

"रामाला सेतू बांधायला मदत केली हो तिनं."

"हो आजी, तिच्या वाट्याचं काम तिने माझ्या गाडीतही केलंय. नऊ हजारांचं."

आजींनी मला चहा दिला, नऊ हजारांवर विश्वास ठेवला नाही, बिल बघायला मागितलं. मी मोबाइलवर दाखवलं. चष्मा लावून सगळं वाचलं, मजुरी जास्त लावलीय म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून शेंगा मागच्या औदुंबराच्या पाराकडे गेल्या, सोबत नारळाच्या काथ्याचा एक बोळाही. "तिला घरटं करायला लागतंच ना," आजी म्हणाल्या. ही अक्कल माझ्या सगळ्या यंत्रांत नव्हती. सोसायटीनेही जांभळाची पार्किंगवर टेकलेली एक फांदी महापालिकेची परवानगी काढून छाटली, पण त्याला दोन महिने लागले; तोवर फरक पडलाच होता.

आता दर रविवारी सकाळी बॉनेट उघडते. तिथली लेंडी, ओला डाग, कापसाचा पुंजका बघायला पाच मिनिटं पुरतात. गाडी सलग चार दिवस उभी राहणार असेल तर मधे एकदा चालवून आणते. चालत्या गाडीत कुणी संसार मांडत नाही. रांगोळी महिन्यातून एकदा. मागच्या वेळी फक्त मांजराची पावलं होती.

परवाच्या रविवारी वायपरखाली, जाळीच्या बाहेरच्या बाजूला, शेंगेचं एक टरफल पडलेलं होतं. आत काही नाही, रबर शाबूत. पुण्यात राहून हे करावं लागेल असं वाटलं नव्हतं, पण शेंग मी खाल्ली नव्हती तरी टरफल मीच उचललं.