दोघांचा पहिला रॅप अल्बम: सांगली-मिरजेत बसून करायचा तर

जोडीच्या अल्बममध्ये पहिल्या दोन ओळींतच कळायला हवं की आत्ता कोण बोलतोय. ते कळलं नाही तर दोघांचं लिखाण कितीही कसदार असो, ऐकणाऱ्याला एकच माणूस बोलतोय असं वाटत राहतं. ही वाटणी वहीत करावी लागते, मिक्सिंगला ती उरकत नाही.

९० बीपीएमच्या (मिनिटाला ९० ठोके) बीटवर १६ बार (एक बार म्हणजे चार ठोके) म्हणजे साधारण ४३ सेकंद. तेवढा वेळ एकच आवाज चालला की दुसरा विस्मरणात जातो. म्हणून बहुतेक गाण्यांत आठ-आठ बार वाटून घ्या, एखाद्या कडव्यात चार-चार. दोन-दोन बारांची फेकाफेक अख्ख्या अल्बममध्ये एक-दोन गाण्यांपुरतीच ठेवा, कारण ती सतत चालली की विषय निसटतो आणि नुसती करामत उरते. पोवाड्यात शाहिराची ओळ संपता संपता झीलकरी ती उचलतात. शाहिराला श्वास मिळतो आणि शब्दही ठसतो. अण्णाभाऊ साठ्यांच्या वाटेगावच्या जिल्ह्यात हे कुणाला शिकवायला नको. रॅपमधले डबल (तीच ओळ पुन्हा म्हणून वर चढवलेला आवाज) आणि ॲडलिब (मधेच टाकलेले सुटे शब्द) तेच काम करतात. एकाच्या ओळीतले शेवटचे दोन-तीन शब्द दुसऱ्याने उचलावेत. स्वतःच्या पूर्ण कडव्यावर स्वतःचाच डबल चढवू नका, त्याने शब्द चिकट होतात.

लिहिताना एक गोष्ट हमखास बिघडते. आपलं क्रियापद ओळीच्या शेवटी येतं, त्यामुळे ‘करतो, ठरतो, मरतो’ असं यमक न मागता जुळतं. दोघांनी तेच धरलं की बारा गाणी एकसारखी वाटतात. क्रियापद आत ढकला आणि ओळ नामावर संपवा:

फड जळाला रातीत, बाप उभा बांधावर
सोसायटीचं व्याज आलं माझ्या कोवळ्या खांद्यावर

‘बांधावर’ आणि ‘खांद्यावर’ पूर्ण शब्दभर जुळतात, म्हणून जिभेलाही पकड मिळते. भाषा घरची ठेवा. जतचा आणि कराडचा हेल वेगळा असेल तर तो तसाच राहू द्या, आवाज ओळखायला त्याचीच मदत होते.

बीट शक्यतो एकाच निर्मात्याकडून घ्या. दिल्लीच्या सीधे मौत या जोडीचा पहिला अल्बम ‘बयान’ २०१८ मध्ये आला. त्याचं संगीत सेज ऑन द बीटचं आहे, आणि सगळी गाणी एकाच घरातली वाटतात. पैशांअभावी यूट्यूबवरचे बीट लीजवर, म्हणजे वापरण्यापुरत्या परवान्यावर, घेत असाल तर करार शेवटपर्यंत वाचा. ‘फ्री’ लिहिलेला बीट बहुतेक वेळा कमाई न करणाऱ्या वापरापुरताच फुकट असतो. साध्या लीजमध्ये तोच बीट आणखी कुणीही घेऊ शकतो, स्ट्रीमची मर्यादा असते आणि कंटेंट आयडीला (गाणी ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) नोंदणी करायची मुभा सहसा नसते. जमत असेल तर एमपीथ्रीऐवजी वेगवेगळे स्टेम (ड्रम, बेस, धून यांच्या सुट्या फाइली) मिळणारी लीज घ्या. स्टेम नसतील तर आवाजासाठी बीटमध्ये जागा करता येत नाही.

जुन्या लावणीचा किंवा नाट्यगीताचा तुकडा कापायचा मोह होतो. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. रेकॉर्ड मोकळी झाली म्हणजे गाणं मोकळं झालं असं नाही. त्यापेक्षा वादकाला रीतसर मानधन देऊन नवीन वाजवून घ्या. आपल्या भागात वादकांची वानवा नाही.

हलगी चामड्याची असेल तर शेकलेली असताना स्वर चढा असतो आणि गार होत गेली की उतरतो. पावसाळ्यात तर फार लवकर. त्यामुळे लांबलचक टेक घेऊ नका. शेकून झाली की लगेच दोन-चार बारांचे तुकडे घ्या, परत शेका, परत घ्या. माईक मीटरभर लांब, गेन (माईकचा आवाज किती वाढवायचा ती पातळी) खाली. हलगीचा टणत्कार साधारण २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो आणि आपल्या व्यंजनांची धारही तिथेच. रॅप चालू असताना हलगीचा तेवढा भाग ३-४ डेसिबलने खाली घ्या, हुकमध्ये (परत परत येणाऱ्या ध्रुवपदात) पुन्हा मोकळा सोडा.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुरा वापरायचा असेल तर आधी बीटचा स्वर काढा आणि वादकाला तोच सांगा. बीट सफेद एकमध्ये आणि तानपुरा काळी एकला लागलेला असेल तर ८०८ बेस (रॅपमधला खोल, घुमणारा बेस) सतत बेसूर वाटतो. सॉफ्टवेअरमध्ये अर्धा स्वर सरकवलं तर चालून जातं, त्याहून जास्त ओढलं की जवारी (तारेची झणझण) खोटी वाटायला लागते. दुसरी अडचण बारीक आहे. नीट लागलेल्या तानपुऱ्यातून शुद्ध गंधार आपोआप उमटतो आणि ट्रॅप या रॅपप्रकाराच्या बहुतेक बीटमध्ये गंधार कोमल असतो. दोन्ही एकत्र वाजले की कानाला काहीतरी टोचतं. अशा ठिकाणी तानपुऱ्याखाली फक्त ड्रम आणि बेस ठेवा, कोमल गंधार असलेली धून तेवढ्यापुरती बंद करा.

आता खोली. स्लॅबचं घर, टाइल्सची फरशी, बाहेर रहदारी, अशा खोलीत महागडा कंडेन्सर माईक सगळंच उचलतो. शुअर एसएम५८सारखा डायनॅमिक माईक, दोन इनपुटचा साधा इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि बंद कपांचा हेडफोन पुरतो. उघड्या कपांच्या हेडफोनमधून हाय-हॅट (बीटमधली झांज) माईकमध्ये गळतो आणि नंतर निघत नाही. तोंड आणि माईकमध्ये चार बोटांचं अंतर ठेवा, माईक किंचित तिरका. ‘भ’, ‘फ’, ‘प’ यांची हवा समोरून आदळते, तिरक्या माईकला ती चुकते. वाकळ किंवा गोधडी माईकच्या मागे टांगण्याआधी बोलणाऱ्याच्या पाठीमागे टांगा, कारण माईकचं तोंड तिकडे असतं आणि भिंतीवरून परतणारा आवाज तिथूनच आत शिरतो. पंखा बंद. पत्र्याची खोली असेल तर पावसात रेकॉर्डिंगचा नाद सोडा.

सतत गुंऽऽ असा आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. अर्थिंग नसलेल्या जोडणीत दोष बहुधा तिथेच सापडतो. रेकॉर्डिंग २४ बिटला करा, सर्वांत मोठा शब्द -१२ ते -६ डेसिबलच्या दरम्यान राहू दे. दोघांचा जोर सारखा नसतो, म्हणून प्रत्येकाचा गेन वेगळा लावून वहीत लिहून ठेवा आणि उभं राहायच्या जागी फरशीवर चिकटपट्टी मारा. अल्बम कित्येक रात्रींत रेकॉर्ड होतो. ही नोंद नसेल तर प्रत्येक गाणं वेगळ्या खोलीतलं वाटतं. आणि दोघांनी एका माईकवर एकत्र उभं राहू नका. मैफल छान होते, पण एकाचा चुकलेला शब्द दुसऱ्याचा बारही घेऊन जातो.

मिक्समध्ये दोघांना एकच प्रीसेट (तयार सेटिंग) लावणं ही सर्रास होणारी चूक. ८०-१०० हर्ट्झच्या खालचं दोघांचंही कापा. जाड आवाजाचा २५० ते ४०० हर्ट्झमधला घोळ कमी करा. पातळ आवाजाचं तिथे काही कापू नका, उलट ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये ‘स’ आणि ‘च’ टोचत असतील तर ती धार कमी करणारा डी-एसर लावा. डबल मुख्य आवाजापेक्षा ८ डेसिबल तरी खाली. एकाचे ॲडलिब डावीकडे, दुसऱ्याचे उजवीकडे, आणि ही बाजू अल्बमभर बदलू नका.

मास्टरचं (अंतिम फाइलचं) शिखर -१ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. स्पॉटिफाय -१४ लफ्सच्या (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास सगळ्यांना एका पातळीवर आणतं, म्हणून नुसता मोठा आवाज करण्यात हशील नाही. मग गाणं मोबाईलच्या स्पीकरवर वाजवा. ८०८ गायब झाला असेल तर त्याला थोडं सॅच्युरेशन (आवाजाची हलकी विकृती) द्या, म्हणजे वरचे स्वर तरी ऐकू येतात. गळीत हंगाम असेल तर ऊसवाहतुकीच्या एखाद्या ट्रॅक्टरच्या डेकवर वाजवून घ्या. तिथे शब्द कळले तर मिक्स झाला.

सात किंवा जास्त गाणी असली की स्पॉटिफायसारखी ऑनलाइन दुकानं त्याला अल्बम धरतात. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. जोडीच्या नावाचं स्पेलिंग पहिल्या गाण्यापासून एकच ठेवा, नाहीतर गाणी भलत्याच कलाकाराच्या पानावर जातात. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं. लीजचा बीट असेल तर वितरकाकडे (गाणी या दुकानांत पोचवणारी सेवा) कंटेंट आयडीचा पर्याय बंद ठेवा.

आणि अपलोड करण्याआधी कागद करा. प्रत्येक गाण्यासमोर शब्द कुणाचे, चाल कुणाची, बीट कुणाचा आणि वाटा किती टक्के, खाली सगळ्यांच्या सह्या. आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) गीतकार-संगीतकार म्हणून दोघांनी वेगवेगळं सभासद व्हा आणि गाणी त्याच टक्क्यांनी नोंदवा. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला हा रॉयल्टीचा हक्क एखाद्या कंपनीच्या नावे लिहून देता येत नाही, वारस किंवा अशी संस्था सोडून. लेबलच्या करारात तसं कलम दिसलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.