मावशींची बोटं

ऑपरेशनआधी पेशंटला समजावून संमतीपत्रावर सही घेणं हे आमच्या युनिटमध्ये सर्वांत ज्युनिअर रेसिडेंटचं काम. तेव्हा ती मी होते. मुंबईतलं पालिकेचं रुग्णालय, हृदयशस्त्रक्रियेचा वॉर्ड, दुपारची वेळ.

मावशी ५८ वर्षांच्या. पहाटे ससून डॉकवरून मासळी उचलायची आणि दिवसभर ओट्यावर बसून विकायची, हे तीस वर्षं चाललेलं. दोन आठवड्यांपूर्वी पाटी उचलताना चक्कर येऊन पडल्या. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कळलं, महाधमनीच्या झडपेला जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्या, त्याही आता चुन्यासारख्या कडक झालेल्या. तीन-चार चौरस सेंटिमीटरचं तोंड ०.७ वर आलं होतं. “पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा करू या का?” असं त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. चक्कर यायला लागल्यावर इतकं थांबायचं नसतं.

सोबत भाचा होता, जहाजावर नोकरी करणारा. त्यानं मोबाइल पुढे केला. “नवी झडप जांघेतून बसवतात ना हल्ली? छाती न उघडता?” बसवतात, २००२ पासून. पण ते मुख्यतः जास्त वयाच्यांसाठी. साठीच्या आतल्या माणसाला, त्यातही दोन पाकळ्यांच्या झडपेला, आम्ही अजून ऑपरेशनच सुचवतो. शिवाय ती झडपच काही लाखांची. मोबाइल खिशात गेला.

मग खरा प्रश्न. कार्बनची झडप बसवली तर ती बहुतेक जन्मभर पुरते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, कायमची, आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची, तपासणी. प्राण्याच्या ऊतीची बसवली तर सहसा ती गोळी कायमची लागत नाही, पण दहा-पंधरा वर्षांत झिजते. पन्नास ते पासष्टच्या मधल्या वयात दोन्ही चालतात, म्हणजे निवड पेशंटवर येते.

“प्राण्याच्या म्हंजे कशाच्या?”

हा प्रश्न मी मनातल्या मनात टाळत होते. पण सांगायलाच हवं. “गाय-बैलाच्या हृदयावरच्या पातळ आवरणाची. किंवा डुकराची.”

भाचा खुर्चीतून उठलाच. मावशींनी हातानंच त्याला बसवलं. “माशाची नाय करत का?” म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

तो हात वर गेला तेव्हा मला बोटं दिसली. कोयत्याचे जुने-नवे व्रण, अंगठ्याला चिंधी. या हातांना रक्त पातळ करणारी गोळी? माझं तिथेच ठरलं, ऊतीचीच झडप. पुढची दहा मिनिटं मी तिचीच वकिली केली. झिजली तर तेव्हा तिच्या आत दुसरी झडप कदाचित जांघेतूनही बसवता येईल, हेही सांगितलं. कार्बनची झडप शांत खोलीत टिकटिकते, हे जरा जास्तच रंगवून सांगितलं. आता त्याची लाज वाटते.

मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “बाय, बारा वर्सांनी मी सत्तरीची. हे गेले. पोरगी उरणला, तिच्या सासरी. हा दर्यावर. तेव्हा त्या बाकावर कोण बसंल माझ्यासाठी?” वॉर्डाबाहेर नातेवाइकांचा बाक असतो, त्याकडे बोट होतं.

“आणि कोयता?”

“कापायला बाई ठेवीन. मी निस्ती विकीन.”

सरांना सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले, गोळ्या चुकणार नाहीत ना आणि तपासणीला येईल ना, आणि कागदावर ‘मेकॅनिकल’ लिहिलं.

चार महिन्यांनी तपासणीच्या दिवशी त्या रांगेत भेटल्या. आयएनआर २.६, हवा तसा. टिकटिक रात्री ऐकू येते म्हणाल्या, “घरात कुणीतरी हाय असं वाटतं.” डावा हात पदराखाली होता. मी पदर बाजूला केला, तर तर्जनीला पट्टी.

“कोयता नाय, बाय. कोळंबी सोलत होते.”